खंडेनवमीचं लिंबू आणि वकिलांची मापं

मित्रांनो, धारवाडचा न्याय कैक वर्षं माझ्या आधारानं उभा होता. मोठमोठे वकील माझ्या शब्दाबाहेर बोटभरही जाऊ शकत नसत. बोट म्हणजे शिंप्याचं बोट. कारण त्यांच्या कोटांची मापं माझ्या पोटात होती. सुभाष रोडवरच्या टेलरिंगच्या दुकानातला जुना कंप्युटर तो मीच. सध्या टेबलाखाली असतो. माझी स्मरणशक्ती पूर्ण गेलेली आहे. पण ती गेल्यावरच आत्मचरित्र सांगायला बसायचं, अशी माणसांतही चांगली वहिवाट दिसते, म्हणून धीर केला.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका खोलीत मंजुनाथनं मला जोडलं. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. मंजुनाथ छोट्या दुकानदारांचे कंप्युटर सांभाळतो. औषधवाले, भांडीवाले, छापखानेवाले, सगळे त्याला बिघडल्यावर बोलावतात आणि बिघडायच्या आधी तो काय सांगतो ते ऐकत नाहीत. या धंद्यात माणूस एक तर चिडका होतो, नाही तर शांत. मंजुनाथ शांत झाला.

मला प्रभंजन मास्तरांनी घेतलं. वकिलांचा काळा कोट शिवावा तर मास्तरांनी, असं गावात म्हणत. नाव दाबलं की मी छाती, कंबर, खांदा, बाही दाखवी आणि शेवटी शेरा. 'पोट आत ओढतात. दोन बोटं जास्त धरणे.' वकील पडद्याकडे बघून म्हणत, "काय लक्षात ठेवतो हो हा!" मास्तरांच्या बायको उत्तराताई काजं-बटणं करता करता मला फडक्यानं पुसत. मी सुखी होतो, असं इथं म्हणायला हवं. पण ती सोय माझ्यात बसवलेली नव्हती. मी चालू होतो, एवढंच.

दर खंडेनवमीला मला आयुधांत मान असे. कात्री, इस्त्री, शिलाई मशीन आणि मी. वर झेंडू, खाली लिंबू. उत्तराताईंचा हात सढळ. हळदकुंकू माझ्या पुढच्या-मागच्या सगळ्या भोकांतून आत उतरे. होता होता पेन ड्राइव्ह लावायच्या जागा बुजून गेल्या. माझी खास काळजी वर्षातून एकदा घेतली जाई, ती ही.

मंजुनाथ आला की एकच विषय काढी.

"अण्णा, ही सिस्टीम कंपनीनं कधीच सोडून दिली. नवीन घाला. निदान मापांची एक नक्कल काढून ठेवू या."

"चालतोय की रे."

"चालतोय तोवरच काढायची असते नक्कल."

"मग काढ की. नको कोण म्हणतोय?"

"भोकात कुंकू आहे, अण्णा. पेटी उघडून डिस्क बाहेर काढायला पाहिजे. एक दिवस दुकान बंद ठेवा."

मास्तर दुकान बंद ठेवत ते फक्त खंडेनवमीला. आणि खंडेनवमीला आयुधांना हात लावायचा नसतो. त्यामुळे हे काम दर वर्षी ठरे आणि दर वर्षी राही.

मधल्या काळात कोट आवळू लागले. "मास्तर, हाताला वय झालं तुमच्या," असं वकील हसत हसत सांगून जात. पुन्हा माप घेऊ का विचारलं तर म्हणत, "कशाला? आहे की तुमच्या कंप्युटरात!" मग मास्तर मला विचारत आणि मी तेच जुनं माप हुबेहूब काढून देई. काही वकील रेडीमेडकडे वळले. मास्तर अधूनमधून कात्री खाली ठेवून स्वतःच्या हाताकडे बघत. पुढं पुढं बोलेनासे झाले. दुःखी म्हणावं तर तेही नाही. दिवसभर आम्ही दोघं समोरासमोर चालू असायचो.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीआधी बाळाचार्य वकील आले. बाररूममधले सर्वांत वडीलधारे. त्यांनी कापड टेबलावर ठेवलं.

"मास्तर, शेवटचं सांगतो. सुट्टी संपून कोर्ट उघडेल त्या दिवशी हा कोट अंगाला बसला पाहिजे. नाही तर मी रेडीमेड घेणार. आणि मी घेतला की सगळी बाररूम घेणार."

"मग माप..."

"कंप्युटर आहे की!"

त्यांच्या मागोमाग आणखी चौघापाचांनी, एवढी एक संधी देऊ म्हणून, कापडं आणून दिली. आणि त्याच आठवड्यात माझ्या पोटात टक् टक् सुरू झालं.

मंजुनाथनं कान लावला. "अण्णा, डिस्क जायच्या बेतात आहे. बंद करा आत्ताच. उद्या येऊन काढतो."

"ये. उद्या दुकान बंदच आहे."

बंद कशासाठी, हे त्या गडबडीत दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुनाथ आला तेव्हा मी पाटावर होतो, फुलांत. तो नवा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून, रिकाम्या हातांनी दारात उभा.

"हत्यारं कुठायत तुझी?" मास्तर म्हणाले.

"घरी पूजेत. आईनं पहाटेच मांडली. लॅपटॉपवर नारळ आहे, अण्णा."

"मग आलास कशाला?"

"येतो म्हणालो होतो की."

मास्तर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "उत्तरा, हा खरंच आयुध आहे का गं? कात्री कापते. हा नुसता आठवून सांगतो."

"मग इतकी वर्षं मी हळदकुंकू वाहिलं ते कुणाला?" उत्तराताईंनी विचारलं.

मग त्यांनीच चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं. तिघंही माझ्यासमोर बसून ते खात राहिले. खाली लिंबू असल्यामुळे मी जरा डावीकडे कललेला होतो.

दसऱ्याला सकाळी आयुधं उचलली. मंजुनाथनं माझी डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. ती एकदा फिरली, टक् म्हणाली आणि थांबली.

"होत्री, अण्णा," तो म्हणाला. म्हणजे गेली. "बेंगळुरूला पाठवून बघता येईल. पण कोर्ट उघडायच्या आत काही येणार नाही."

मास्तर म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं." आणि न कापलेल्या कापडाकडे बघत बसले.

उत्तराताईंनी खुंटीवरची टेप काढून त्यांच्या गळ्यात टाकली. "मापं गेली. माणसं आहेत की अजून जागेवर! बोलवा त्यांना." आणि फोन लावायला त्याच बसल्या.

वकील कुरकुरत आले. येताना बन्नीची पानं, म्हणजे दसऱ्याचं सोनं, घेऊन आले. बाळाचार्यांनी सोनं दिलं आणि पोट आत ओढून उभे राहिले.

"आचार्य, श्वास सोडा."

"तुमचं जुनं माप काय वाईट होतं?"

"ते गेलं. सोडा आता."

श्वास सुटला. टेप सरकली, आणखी सरकली. मास्तरांनी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. मग आपल्या हाताकडे बघितलं.

"आचार्य, तुम्ही चार बोटं वाढलात. हात तोच आहे माझा."

"हळू बोला हो! बाहेर अशील उभा आहे."

कोर्ट उघडलं त्या दिवशी सगळे कोट अंगाला बसले. बाररूम मास्तरांकडेच राहिली. मास्तर आता बोलतात. जरा जास्तच बोलतात, असं उत्तराताईंचं म्हणणं. टेबलावर नवा कंप्युटर आला. त्याच्यातल्या मापांची नक्कल रोज निघते, आणि माप वर्षाचं झालं की तो ते पुन्हा घ्यायला सांगतो. मी गेल्यानं सगळ्यांचं बरं झालं. मला काही वाटलं नाही.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायचा असतो, तो करतो. यंत्राची पूजा जरूर करा, पण आदल्या दिवशी नक्कल काढा. आणि माणसं वाढतात, हे यंत्राला अधूनमधून कळवत चला. हे लक्षात नाही राहिलं तरी चालेल. माझ्या तरी कुठं राहतंय! फक्त सुभाष रोडला आलात तर त्या टेबलाखाली जरा वाका. मला आत सरकवताना खंडेनवमीचं लिंबूही बरोबर सरकलंय. ते तेवढं काढा.