तहानलेली भिंत

“कोणाचा इस्वास बसायचा नाय,” सावळीराम गवंड्यानं सुरुवातच तशी केली, “पण इगतपुरीला एका बंगल्यात मी चुना केला, तर त्या भिंतीनं पावण्याच्या हातातला चहा पिऊन टाकला! कपबशी तेवढी सोडली.”

सहा वर्षांची आरोही खिदळली. हसता हसता तिला खोकल्याची ढास लागली, तशी तिच्या आईनं, योगिनीनं, पर्समधून दम्याचा पंप काढला. मखमलाबादचं हे घर या खोकल्यापायीच बांधलं होतं. भाजक्या मातीच्या विटा, जुन्या सागाची दारं, आणि पोरीच्या खोलीला निव्वळ चुना. डब्यातल्या रंगानं तिची छाती भरून यायची.

“बाबा, परवा वास्तुशांत. झालं ना सगळं?” योगिनीनं विचारलं.

“एक नंबर, ताई.”

म्हणाला खरा, पण नजर फरशीवर. चुना पंधरा दिवस पाण्यात मुरवायचा, हे त्यानं जन्मभर गड्यांना ओरडून सांगितलं होतं. या खेपेला घाईनं पाचव्याच दिवशी उपसला. आत राहिलेले न मुरलेले खडे म्हाताऱ्या डोळ्यांना दिसले नाहीत, आणि गड्याला ‘जरा बघ रे’ म्हणायला जीभ वळली नाही. आठवड्यात भिंतीला देवी आल्यासारखे फोड फुटले. चुना करावा तर सावळीरामनं, असं अख्खं नाशिक म्हणायचं. तेवढ्या नावासाठी त्यानं काल फोड पुट्टीनं बुजवले आणि वरून डब्यातला प्लास्टिकचा रंग ओढला. मग वास जावा म्हणून दिवसभर खिडक्या सताड उघड्या.

“आजोबा, ही भिंतपण चहा पिते?”

“चहा? ही गोदावरी पिईल, बाय! चुना लय तहानलेला. पाणी मारलं की गटकन गिळतो.”

तोंडातून गेलं आणि त्यानं जीभ चावली. आरोहीनं बाटलीचं झाकण कधीच उघडलं होतं.

“अगं, राहू दे—”

पाणी भिंतीवर आपटलं. थेंब टपोरे होऊन क्षणभर थांबले, मग एकमेकांना ढकलत सरसर खाली आले. पोरीनं वाट पाहिली. आणखी थोडं ओतलं. तेही फरशीवर आलं. हातातला पंप योगिनीनं पुन्हा पर्समध्ये ठेवला नाही.

सावळीरामनं डोक्याची टोपी काढली आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागला.

आरोही त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

“आजोबा, तिला तहानच नाहीये. तुम्ही खोटं बोललात.”