खिडकीचा वड

गुरुवारी संध्याकाळी दयाराम मुंबईहून परतला तेव्हा त्याच्या एका हातात लेकीसाठी, वेणूसाठी, घेतलेली नवी छत्री होती आणि दुसऱ्या हातात, जसाच्या तसा, वेणूचा अर्ज होता.

भामानं छत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही.

अर्ज कॉलेजात देण्यासाठीच तर तो पहाटेची एस.टी. धरून गेला होता. बुधवारी मार्कांचा कागद हातात पडला, त्याच दिवशी हेडमास्तरांनी दाखल्यावर सही केली आणि रात्रीपर्यंत भामानं सगळे कागद एकाखाली एक लावून सुतळीनं बांधून दिले. फर्स्ट इयर सायन्सचे अर्ज घेण्याची शेवटची वेळ शनिवारी, वीस जूनला, दुपारी बारा. पालकानं कारकुनासमोर सही करायची होती, म्हणून टपालानं धाडायची सोय नव्हती. एरवीही भामानं टपालावर एवढा विश्वास टाकला नसता. नवऱ्यावर टाकला, आणि आता त्याची फळं तिच्यासमोर पायरीवर पाय धूत बसली होती.

काय झालं ते दयारामनं अगदी सरळ मनानं सांगितलं. गर्दी फार होती. अर्ज घ्यायची खिडकी पाहिली तर तिला वरखाली सरकणारी लाकडी फळी. हुबेहूब आपली उघाडी.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. दयारामचं मिठागर पनवेलच्या खाडीला लागून होतं आणि त्याचा बाप, आजा, सगळे त्या उघाडीवर फळी वरखाली करत म्हातारे झाले होते. त्या घराण्यात शहाणपण असं एकच होतं. पाण्याचा लोट अंगावर असताना फळीपाशी जायचं नाही. बाजूला बिडी ओढत बसायचं. पाणी आपसूक उतरतं. दयारामनंही खिडकीसमोरचे दीड-दोनशे लोक पाहिले, गुलमोहराखाली जागा बघितली आणि ओहोटीची वाट बघत बसला.

"मानसांची भरती व्हती," तो म्हणाला. "म्हटलं तीनच्या सुमाराला वसरंल. तीनलाच वसरली."

आपला अंदाज बरोबर आल्याचा त्याला अजूनही थोडा आनंद होता. खिडकीसुद्धा तीनलाच बंद झाली, ही गोष्ट त्यानं शेवटी, छत्री कुठे घेतली ते सांगून झाल्यावर सांगितली.

उद्या परत जातो म्हणाला. पण उद्या कॉलेजला सुट्टी होती. कॉलेजचे संस्थापक फार वर्षांपूर्वी नेमके त्याच तारखेला वारले होते. एवढा शिकलेला माणूस, चार दिवस इकडे-तिकडे करता आले नाहीत का, असं भामाच्या मनात आलं आणि तिनं त्याबद्दल देवाची माफीही मागितली नाही.

राहिला शनिवार. सकाळी दहा ते बारा.

भामा पेणच्या शाळामास्तरांची मुलगी. गिरगावात मावशीकडे राहून तिनं इंटर आर्ट्सपर्यंत मजल मारली होती. पुढे बी.ए.चा फॉर्म भरायच्या आठवड्यात वडिलांनी तिच्या लग्नाचा मुहूर्त काढला. मुहूर्त वर्षातून एकदाच येतो, फॉर्म काय, पुढल्या वर्षी भरता येईल, असं त्यांचं म्हणणं. त्याला आता अठरा वर्षं झाली होती. पुढलं वर्ष अजून यायचं होतं. तेव्हापासून कुठलीही शेवटची तारीख म्हटली की भामा आठवडाभर आधीच कागद लावून बसे, मग ती रेशनकार्डाची का असेना. वेणूच्या अर्जासाठी तर तिनं चुलीमागच्या भिंतीवर खडूनं तेरा कलमांची यादी केली होती आणि वेणू झोपली की ती वाचत असे.

वेणूला यातलं काही लागत नव्हतं. पोरगी एकसष्ट टक्क्यांनी पास झाली होती आणि दोन्ही वेळ नीट जेवत होती.

"आई, मी पास झालेय," ती म्हणाली होती. "तूच अजून परीक्षेला बसलीयस."

खरी धास्ती दुसरीच होती. वर्ष फुकट गेलं तर वेणू घरात बसणार, आणि सतरा वर्षांची मुलगी घरात बसलेली पार ओवे गावापर्यंत दिसते. ओव्याच्या बुधाजीनं आपल्या मुलासाठी शब्द टाकून ठेवलेला होता. मुलाचा मासे धरायचा स्वतःचा मचवा होता. मॅट्रिकला तो दोनदा बसला होता, म्हणजे त्या विषयात वेणूपेक्षा दुप्पट अनुभवी. सासूबाईंना, गंगाबाईंना, हे स्थळ पसंत होतं. त्या वाईट नव्हत्या. नातीनं मुंबईला जाऊन बेडकं फाडण्यापेक्षा ओव्याला जाऊन मासळी कापावी, एवढंच त्यांचं मत. कापायचंच आहे तर खाता येईल असं तरी कापावं.

"यक वरीस घरान बसली तं काय खारीचं पानी आटनार हाय?" त्या म्हणाल्या. आणि मग खरी मेख सांगितली. शनिवारी वटपौर्णिमा होती.

हे भामाच्या तेरा कलमांत नव्हतं. इंग्रजी तारखांच्या नादात ती पौर्णिमा विसरली होती, ते मिठागरवाल्यांच्या घरात विसरायचं म्हणजे कमाल. या घरात भरती-ओहोटीसाठी रोज तिथी मोजली जाई. वीस जून म्हटलं तर कुणी मान वर केली नसती, पुनव म्हटलं की सगळ्यांना ठाऊक की पाणी बाराला भरणार. कॉलेजनंही बारालाच फळी टाकायची ठेवली होती. दयारामला त्यात कॉलेजचा मोठेपणा दिसला.

गंगाबाईंनी मात्र अडवलं नाही. शनिवारी पहाटे त्यांनी सुनेच्या पिशवीत सुताची गुंडी, हळदकुंकवाची डबी, पाच आंबे घातले. वड मुंबईत पण आसल, म्हणाल्या. सात फेऱ्या कर, मग काय त्यो कागद दे. नवरा आधी, कागद मागनं.

एस.टी.त वेणू खिडकीला डोकं टेकून झोपली. दयाराम कंडक्टरशी मिठाच्या गोष्टी बोलत राहिला. भामा मांडीवर अर्ज आणि अर्जावर दोन्ही हात ठेवून ताठ बसली. तिला वाटत होतं, आपण सैल बसलो तर गाडी हळू जाईल.

ठाण्याच्या अलीकडे ड्रायव्हर चहाला उतरला आणि टपरीसमोरच नेमका वड निघाला. मग काय. गाडीतल्या नऊ बायका पिशव्या घेऊन खाली उतरल्या. चहा संपला तरी फेऱ्या संपेनात. एकीच्या सुताचा गुंता झाला, तो बाकी आठ जणींनी मिळून वाढवला. भामा एकटी वर बसून राहिली. खाली उतरून तिचेही सात वेढे पाच मिनिटांत झाले असते. पण आपण उतरलो तर दहावी बाई म्हणून ड्रायव्हर आणखी एक चहा घेईल, असा हिशेब तिनं केला. वडाला प्रदक्षिणा घालणाऱ्या नऊ सवाष्णींकडे ती ज्या नजरेनं पाहत होती, ती नजर यमाला दिसली असती तर त्यानं सत्यवानाला पुन्हा नेला असता.

कॉलेजात पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रांगेत चाळीस माणसं. आवारात गुलमोहर होता, अशोक होते, संस्थापकांचा कालच्या हारासकट पुतळा होता. वड नव्हता.

दयाराम सवयीनं गुलमोहराकडे वळला. भामानं त्याची बाही धरली आणि रांगेत उभं केलं.

रांग सरकत होती, पण खाडीतल्या चिखलासारखी. खिडकीतला कारकून जाड भिंगाचा चष्मा लावून प्रत्येक कागद आधी दुरून, मग जवळून वाचत होता. बारा वाजायला दहा मिनिटं उरली तेव्हा त्यांच्यापुढे अकरा जण होते. पाच उरली तेव्हा नऊ. कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं, पेन टोपणात घातलं आणि वर हात करून फळी चाचपली. फळी लोखंडी आकड्यावर टेकवलेली होती. आकडा काढला की खाली.

रांगेतल्या बापांनी कुरकुर केली. एकजण मोठ्यानं म्हणाला, हा अन्याय आहे. कारकून म्हणाला, नियम आहे.

भामाच्या डोळ्यांपुढे तेरा कलमं पुसट व्हायला लागली आणि त्याजागी एक मचवा दिसायला लागला. दयाराम मात्र त्या फळीकडे निरखून बघत होता.

"फली आशी सुटाय लागली," तो हळूच म्हणाला, "तं आमी कडीला दोर मारतो."

भामानं त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा वेळेवर बोलला होता.

दोर तिच्याकडे नव्हता. तिनं अर्ज वेणूच्या हातात दिला, पदर डोक्यावरून घेतला, पिशवीतून हळदकुंकवाची डबी आणि सुताची गुंडी काढली आणि रांगेच्या कडेनं थेट पुढे निघाली. पूजेचं साहित्य घेतलेल्या बाईला कुणी अडवलं नाही. उलट एका पोक्त गृहस्थांनी चपला काढल्या. खिडकीशी जाऊन तिनं फळीला हळदकुंकू लावलं. मग सुताचं टोक फळीच्या कडीतून ओवलं, वरच्या आकड्याभोवती नेलं आणि वेढे घालायला सुरुवात केली. एक. दोन. मोठ्यानं मोजत, म्हणजे नंतर कुणी कमी म्हणायला नको.

कारकून चौथ्या वेढ्याला भानावर आला.

"बाई, हे काय चाललंय?"

"वटपौर्णिमा."

"हा वड नाही."

"फळी कसल्या लाकडाची आहे?" भामानं विचारलं आणि पाचवा वेढा घातला.

कारकुनानं फळीकडे पाहिलं. एकवीस वर्षं तो ती वरखाली करत होता, पण हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. साग असावा, तो म्हणाला. नक्की नाही सांगता येणार.

"नक्की नाही ना," ती म्हणाली. सात. तिनं गाठ मारली. "आता सूत पडलंय. तोडायचं तर तुम्ही तोडा. मला काही तोडता येणार नाही, मी उपाशी आहे."

कॉलेजच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. कारकुनानं सुताला हात लावला आणि परत घेतला. त्या घटकेला त्याची बायको अशीच कुठल्यातरी वडाभोवती फिरून त्याच्या पुढच्या सात जन्मांची तजवीज करत असणार. अशा दिवशी परक्या सवाष्णीचं सूत तोडून जेवायला घरी जायचं, आणि तेही एका फळीसाठी. त्यानं टोपण काढलं.

"पुढचा," तो म्हणाला.

भामा निमूटपणे आपल्या जागी, दहावी, जाऊन उभी राहिली. पुढे घुसायचा मोह तिला झाला नाही असं नाही, पण मागचे लोक बघत होते. त्यांचा नंबर आला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दयारामनं सही केली, मोठ्या अक्षरात, शेवटच्या म-ला शेपूट काढून, घाई न करता. शिक्का बसला. पावतीचा नंबर तीनशे बारा. भामानं ती पावती तीनदा वाचली, वेणूला वाचायला लावली आणि मग ब्लाउजमध्ये ठेवली.

रांगेतला शेवटचा माणूस गेल्यावर कारकुनानं अदबीनं विचारलं, आता सोडता का. भामा म्हणाली, वडाचं सूत कधी कुणी सोडतं का. त्यानं सगळे अर्ज कपाटात घातले, कपाटाला कुलूप लावलं, खोलीला कुलूप लावलं आणि खिडकी सताड उघडी टाकून तो जेवायला गेला.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. गंगाबाई दारातच होत्या. अर्जाचं त्यांनी विचारलं नाही. फेऱ्या झाल्या का, एवढंच.

"सात," भामा म्हणाली.

वड मोठा व्हता का, त्यांनी विचारलं. भामा जरा घुटमळली, तेवढ्यात वेणू हसली, आणि मग दयारामनं ओसरीवर बसून सगळं सांगितलं. फळी, कडी, आकडा, दोर मारायची युक्ती आपली कशी होती, हे दोनदा. गंगाबाईंनी पावती मागून घेतली. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी शिक्का तेवढा बोटानं चाचपला.

"म्हंजे सात जल्म तुला त्यो कारकूनच मिलनार," त्या शेवटी म्हणाल्या.

भामानं क्षणभर विचार केला.

"चालेल," ती म्हणाली. "अर्ज तरी पहिल्या दिवशी भरला जाईल."

दयाराम हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. गंगाबाईंनी पावती देव्हाऱ्यात बाळकृष्णाखाली सरकवली आणि आत जाता जाता मुलाला सांगितलं की सोमवारी ओव्याकडे जाशील तवा बुधाजीला सांग, आमची पोर यंदा रिकामी नाय.

जेवण झाल्यावर भामानं गुरुवारपासून कोपऱ्यात उभी असलेली छत्री पहिल्यांदा हातात घेतली. पुरुषी होती, वेणूच्या खांद्यापेक्षा रुंद. तिनं ती उघडली. मग मिटायला गेली तर मिटेना. दयारामनं ओढून पाहिली, वेणूनं दाबून पाहिली. ती रात्रभर ओसरीवर तशीच उघडी राहिली.