पुनम टीचरला मराठी येत नाही

पुनम टीचरला मराठी येत नाही, यावर मुखेडच्या त्या माँटेसरीतल्या यच्चयावत मुलांचा ठाम विश्वास होता. खरं म्हणजे पुनम याच जिल्ह्यातल्या हिमायतनगरची. तिची मराठी अशी खणखणीत, की एसटीत जागेवरून वाद झाला तर कंडक्टरसुद्धा मध्ये पडायचा नाही. पण शाळा दोन भाषांची, आणि ती चालवणाऱ्या उज्वलाताईंचा नियम कडक: एका बाईची एकच भाषा. उज्वलाताई मुलांशी फक्त मराठीत बोलणार, पुनम फक्त इंग्रजीत. शाळेत आणि शाळेबाहेरही. मागे एकदा एकावर एक रचायच्या गुलाबी ठोकळ्यांतला सगळ्यात मोठा पायावर पडला, तेव्हा बिचारीने 'आई गं' गिळून टाकलं आणि नुसतीच एका पायावर नाचली. मुलांना तो नाच फार आवडला.

सध्या मात्र तिला काही सुचत नव्हतं, आणि त्याचं कारण होती जगदेवी. पाच वर्षांची जगू वर्षभर शाळेत येत होती. थेंब न सांडता पाणी ओतायची, मिसळलेले मूग आणि मटकी निवडून वेगळे करायची, पण इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढेल तर शपथ. पुनमने काही विचारलं की बोट दाखवून मोकळी. मुलं आधी ऐकतात, मग बोलतात, धीर धर, असं उज्वलाताई सांगायच्या. जगूची आजी तुळजाबाई यांच्याकडे एवढा धीर नव्हता.

"मूग निवडाया तर मीबी शिकवते की घरी," त्यांनी शाळेत येऊन ठणकावलं. "इंग्लिश कुठं हाय? सोमवारी नाव काढते हिचं. लातूरला मामाकडं ठिवते, तिथं मोठी शाळा हाय."

समोर मुलं होती, त्यामुळे पुनम नुसती उभी राहिली. बोलता आलं असतं तर ती त्यांच्या पाया पडली असती. जगूवर तिचा भारी जीव. एवढीशी पोर आईबापांपासून लांब राहणार आणि तेही आपल्यामुळे, हे तिला आतून खात होतं.

सोमवार उजाडायच्या आधीच्या आठवडी बाजारात पुनम भाजीवाल्या विठाबाईच्या ढिगापुढे चांगलीच रंगात आली होती.

"मावशी, किडकी वांगी घालू नका बरं. मागच्या बारीला निम्मी फेकून दिली मी!"

"काय बोलून राहिली, पोरी! माझी वांगी अन् किडकी?"

तेवढ्यात मागून हाक आली, "टीचर!" वळून बघते तर तुळजाबाईंचं बोट धरून जगू उभी.

पुनमचं तोंड जागच्या जागी बंद झालं.

"काय गं, आत्ता तर भांडून राहिली होती," विठाबाई म्हणाली. "वाचा बसली का काय?"

पुनमने वांग्यांकडे बोट दाखवलं आणि "प्लीज" एवढंच म्हणाली. विठाबाईने ही सोन्यासारखी संधी सोडली नाही. तागडीत अशी वांगी पडायला लागली, की म्हशीनेही तोंड फिरवलं असतं.

जगूने ते पाहिलं आणि आजीचं बोट सोडलं.

"ओ मावशी, आमच्या टीचरला मराठी येत न्हाई म्हणून फसवता व्हय?" तिने तिथंच फतकल मारली, तागडीतली वांगी उपसली आणि शाळेतल्यासारखे दोन ढीग करायला घेतले. "टीचर, लुक. धिस बॅड. होल हिअर. धिस गुड. यू टेक धिस."

तुळजाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. पुनमला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"अँड धिस वन?" तिने कसंबसं विचारलं.

"बॅड! यू डोंट नो? आय टेल यू." आणि मग जगू थांबायचं नाव घेईना.

"अगं, हिला तर मराठी..." विठाबाईने सुरुवात केली, पण तुळजाबाईंनी असे डोळे वटारले की ती मुकाट्याने चांगली वांगी तोलायला लागली.

"आज्जे," जगू आजीला म्हणाली. टीचरला कळणार नाही याची खात्री असल्यामुळे तिने आवाजही कमी केला नाही. "हिला काईच समजत न्हाई बघ. शाळेत ताई हायत. इथं कोण हाय हिला? मी लातूरला गेले की समदे फसवतील. मला न्हाई जायचं."

पुनमला शब्दन् शब्द कळला. काहीच न कळल्यासारखं करत ती वांग्यांकडे बघत राहिली, आणि वांगी धूसर दिसायला लागली.

तुळजाबाईंनी पडलेली पिशवी उचलली. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "न्हाई जायचं, बाई. ऱ्हा हितंच."

जगूने पुनमची ओढणी ओढली. एवढी मोठी बातमी, आपण सांगितली नाही तर हिला कळणार कशी?

"टीचर, आय नॉट गो लातूर. आय स्टे. यू डोंट क्राय."

पुनमला तिला मराठीत काय काय सांगायचं होतं. ती भर बाजारात गुडघ्यांवर बसली, जगूचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "थँक यू, जगू."