मी तांबी, अंबूबाईंची अपराधी

मी एक जुनी तांबी आहे. मैत्रिणींनो, जुनी म्हणजे चारच वर्षांची. टी अक्षरासारखा पांढरा प्लॅस्टिकचा देह, त्यावर तांब्याची बारीक तार आणि खाली दोन दोरे. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. बंद पाकिटातून निघाले ती थेट संयोगिताच्या पोटात, गर्भाशयात बसले.

संयोगिता उंब्रजची सून, बी.कॉम. झालेली. दुसऱ्या मुलीच्या वेळी इतकं रक्त गेलं की तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. पुढे कराडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं : पाळीत जास्त जाईल, कधी पोटात दुखेल, नको वाटलं तर येऊन काढून घे. तिने सगळं दोन-दोनदा विचारलं. मग फौजेतल्या नवऱ्याला, इंद्रजितला, फोन लावला.

"बसव तू," तो म्हणाला. "सुट्टीला आलो की आईला मीच सांगतो."

चार सुट्ट्या झाल्या. दरवेळी गाडीत बसताना म्हणायचा, "पुढच्या खेपेला नक्की."

इकडे सासूबाईंनी, अंबूबाईंनी, नातवासाठी पालीच्या खंडोबाला नवस बोलला : नातू होईतोवर पायात चप्पल घालणार नाही. शेजारीण चिडवायची, "काय अंबूआक्का, देव ऐकतोय का न्हाई?"

"ऐकंल की! त्याला काय माझ्या एकटीचंच काम हाय व्हय?"

मी आतून ऐकायचे आणि अंग चोरायचे. माझं काम मी चोख करत होते. पण मी जितकी चोख, तितकी ती म्हातारी अनवाणी.

गेल्या फाल्गुनात तोडणी झालेल्या उसाच्या रानात एक बुडखा त्यांच्या टाचेत घुसला. त्यांना साखरेचा आजार. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, "आजी, अनवाणी फिरलात तर पाय कापावा लागेल."

"कापा. देवाला शब्द दिलाय मी."

त्या दिवशी पट्टी बदलता बदलता संयोगिता मध्येच थांबली. ती सासूला आत्या म्हणते.

"आत्या, चप्पल घाला. देवाचा काही दोष नाही. मी तांबी बसवलीय. चार वर्षं झाली. ह्यांना माहीत आहे."

मला वाटलं, संपलं. आता उद्याच मला काढायला लावणार.

अंबूबाईंनी तिच्या हातातून पाय ओढून घेतला. "आन् मी अशी हिंडत हुते, ते तुला दिसत न्हवतं व्हय गं?"

"दिसत होतं, आत्या. रोज."

"त्याचं बी तोंड शिवलं हुतं काय? यिऊ दे, बगते त्याला."

दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रिक्षा सांग. नवस मी बोलले, देवाची माफी बी मीच मागते. आन् तुझी चप्पल दे. पायाला सूज हाय, माझी बसायची न्हाई."

मला काढायचं मात्र कुणीच बोललं नाही.

मैत्रिणींनो, आम्हाला बसवाल तेव्हा तपासणीची तारीख विसरू नका. घरी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी 'मी सांगतो' म्हणालाच, तर त्याला सुट्टीची वाट बघू देऊ नका. त्याच दिवशी फोन करायला लावा.

जखम अजून भरते आहे. संयोगिता रोज पट्टी बदलते. "हळू गं," असं अंबूबाई म्हणाल्या, की आम्ही दोघीही दचकतो.