काल काय खाल्लं?

नवागामच्या चाळीत गायत्री नावाची पोरगी वजनकाटा आणि वाट्या-चमचे घेऊन दारात उभी राहिली, आणि भाईदास दोन पावलं मागेच सरकला. दवाखान्याची असेल, तोंड उघडा म्हणेल! खोलीला मागचं दार असतं तर गडी तिथूनच सटकला असता.

पण ती कॉलेजातली निघाली. सरकार सांगतं तसं मोठी माणसं खातात का, भाजी, फळं, डाळ किती, तेल-मीठ किती, एवढंच तिला मोजायचं होतं. भाईदासचा जीव भांड्यात पडला. बायको, उषाबाई, नळावर गेली होती. परक्या पोरीला खरं सांगायला काय हरकत?

"काका, काल दिवसभरात काय खाल्लं?"

"सकाळी दूध. दुपारी लूमच्या खात्याबाहेरच्या लॉरीवर, हातगाडीवर, केळी आणि वरणभात. रात्री परत दूधभात."

"तळलेलं? लोणचं? तिखट?"

"नाही बा. सोडलं समदं."

भात किती, वरण किती, ते गायत्रीने वाटीने मापून घेतलं आणि खूशच झाली. "काका, या गल्लीत तुम्हीच पहिले! इथे कुणी फळाला हात लावत नाही."

घ्या! ठेच्याशिवाय ज्याला घास गोड लागत नव्हता, तो खानदेशी गडी पहिला आला! कशामुळे, ते त्याचं त्यालाच ठाऊक. वर्षानुवर्षं कापडाच्या लूमवर उभ्याउभ्या तंबाखू-सुपारीचा मावा चघळला, आता गाल आतून चामड्यासारखे ताठ झाले होते. तिखटाचा कण लागला की आग, आणि तोंड तर रोज थोडं कमीच उघडायचं. शेजारच्या लूमवरच्या हेमराजचं असंच सुरू झालं होतं. तो दवाखान्यात गेला आणि अर्धा जबडा देऊन आला. तेव्हापासून भाईदासची पाचावर धारण बसली होती. कुणाला सांगितलंच नाही म्हणजे झालंच नाही, असलं याचं शहाणपण!

तेवढ्यात उषाबाई हंडा घेऊन आत आली.

"काकी, काकांना छान सवय लावलीत हो," गायत्री कौतुकाने म्हणाली. "दुपारी केळी, वरणभात!"

"कुठला वरणभात?" उषाबाई हसली. "मी तर काल कळण्याची भाकरी दिली, भरीत, वर ठेचा. रोज डबा चाटूनपुसून आणतात."

भाईदासने चटकन मान खाली घातली. उषाबाईचं हसू मावळलं. तिने हंडा दाणकन खाली ठेवला.

"माझी भाकरी कोण खातं मग? कोण आहे ती?"

अरे देवा! क्षणभर भाईदासला वाटलं, असू दे, दुसरी बाई आहे असंच समजू दे हिला. भांडेल, माहेरी जाईल, पण तोंड तर उघडायला लावणार नाही. इतका तो घाबरला होता. पण तिचे डोळे भरून आले आणि ते काही त्याला बघवलं नाही.

"कुत्र्यांना घालतो," तो पुटपुटला. "गेटवरच्या."

"का?"

उषाबाई जवळ आली. मघापासून हा ओठ न हलवता बोलतोय, हे आता कुठे तिला दिसलं.

"तोंड उघडा."

त्याने उघडलं.

"अजून उघडा ना!"

"एवढंच उघडतं, उषा." घाबरला की त्याच्या तोंडी गावची अहिराणीच यायची. "माले भ्याव वाटस."

उषाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिने त्याच्या चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या.

"माले बी वाटस," ती म्हणाली. "चला."