उष्टा धागा

माह्या जिभेले हाड नाही, हे मले कबूल हाय. पण बहात्तर साली त्याच जिभेपायी माह्या मालकाचे दात जाऊन राहिले होते.

मालक म्हणजे माहे घरवाले आनंदराव, नागपूरच्या पाचपावलीतले विणकर. मागावर धागा तुटला की टोक जिभेले लावायचं, बोटानं वळायचं, जोडून द्यायचं. सगळे विणकर असंच करतात. पण त्या साली आमच्या प्रेमिलाच्या लग्नासाठी पाच लुगडी विणाले घेतली अन् मी कडाडली, "लेकीचं लुगडं थुकीनं उष्टं करता? लाज नाही वाटत?" पाण्याची वाटी भरून मागाजवळ ठेवली. बिचारे गुमान वाटीत बोट बुडवू लागले.

म्हणून मले समजलंच नाही, की त्याईच्या तोंडात थुकीच उरली नव्हती. पोटातल्या कळेसाठी गोळ्या सुरू होत्या. "तोंड सुकते वं," म्हणायचे. मी मायेनं खडीसाखर द्यायची, दिवसातून दहा वेळा. ते खडा गालात धरून बसायचे.

पाच-सहा महिन्यांत दात हिरडीजवळ काळे पडले. भाकर पाण्यात भिजवून खाऊ लागले, तेव्हा दवाखान्यात नेलं. दातांची डाक्टरीण म्हणाली, "बाई, थुंकीच दात धुते, दात राखते. गोळ्यांनी ती आटली, त्यात दिवसभर साखर! दोन दात काढावे लागतील. थुंकी परतली तर बाकीचे वाचतील."

रस्ताभर मी रडली. "अजी, दात दुखत होते तर खडा काहून घेत होते?"

"तू देऊन राहिली होती. नाही कसा म्हणू?"

असा माणूस! काय करावं याचं?

गोळी बदलून मिळाली. खडीसाखर बंद. घोट घोट पाणी, जेवणावर बडीशेप चावणं. रोज सकाळी मी विचारायची, "आली का थुकी?" शेजारची अंजनाबाई हसून हसून बेजार.

शेवटचं लुगडं मागावर होतं, लग्नात नेसायचं. धागा तुटला. मालकाचा हात सवयीनं तोंडाकडे गेला, मले पाहून वाटीकडे वळला. मी वाटी उचलली अन् पाणी अंगणात फेकलं.

"अवं, लग्नाचं लुगडं हाय. उष्टं होईल."

"होऊ द्या. तुमच्या ताटातलं उष्टं खाऊनच मोठी झाली प्रेमिला."

त्याईनं टोक जिभेवर ठेवलं. बाहेर काढलं, तर ओलं होतं.