माझे कुरकुरणारे डावे चाक

जिन्याखाली दोन सायकलींच्या मागे, निळे प्लास्टिक पांघरून जी जुनी बाबागाडी उभी आहे ना, मित्रांनो, ती मी. माझ्या टपाचा हिरवा रंग आता विटला आहे आणि आतल्या गादीवर कोणीतरी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आहे. तरी मी रडगाणे गाणार नाही. माझे आयुष्य मजेत गेले. त्यातली सर्वांत मोठी मजा एका बाळाच्या बाबामुळे झाली. तीच तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक माणूस दिवसभर लोखंडी नळ्या वाकवत असे आणि खिडकीजवळ बसून एक बाई टपाचे कापड शिवत असे. मला चार रबरी चाके मिळाली आणि ढकलायला गुळगुळीत लाकडी मूठ मिळाली. पुढच्या डाव्या चाकाच्या बाबतीत मात्र कोणीतरी जरा घाई केली. चाकाच्या मधोमध, दांड्याभोवती जी नळी बसवतात, तिला बुश म्हणतात. माझा तो बुश किंचित घट्ट होता. धातूवर धातू घासला की तो थोडा अडतो, मग सुटतो, पुन्हा अडतो. हे अडणे-सुटणे भराभर होऊ लागले की आवाज निघतो. शिवाय त्या चाकाच्या रबराचा जोड थोडा वर आलेला होता. प्रत्येक फेरीला तो जमिनीवर आपटे. त्यामुळे मी चालू लागले की आवाज येई, कुईऽऽ-टक. कुईऽऽ-टक.

पहिल्या घरी मी दोन भावंडे फिरवली. ती धावायला लागली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्या शेजारी एक फुटका पंखा होता. त्याच्याशी बोलण्यासारखे काही नव्हते. पुष्कळ वर्षांनी त्या घरातल्या ताईंच्या मावसबहिणीला बाळ होणार असल्याचे कळले आणि मला खाली उतरवून, पुसून तिच्याकडे पाठवण्यात आले.

ती आई फार व्यवहारी होती. बाळाला अजून दोन-तीन महिने अवकाश होता. तोवर गाडी रिकामी कशाला ठेवायची? धुतलेल्या कपड्यांची बादली माझ्यात ठेवून ती मला रोज लिफ्टने गच्चीवर नेई. भाजी, पाण्याच्या बाटल्या, वाचनालयाची पुस्तके, सगळे माझ्यातूनच ये-जा करू लागले. मी कुरकुरत पुढे आणि ती मागे, माझ्या मुठीला पोट टेकवून.

बाबा मात्र माझ्या आवाजाने बेजार झाला. त्याचे कामच तसे होते. तो लिफ्ट दुरुस्त करत असे. भिंतीला कान लावून आत काय घासते, काय लटपटते हे तो ओळखायचा आणि ते गप्प करायचा. घरातल्या एकाही दाराला करकरण्याची परवानगी नव्हती. खिशात पेनाऐवजी तेलाची छोटी बाटली असे.

"एकदा मला दे ना ती गाडी, अर्ध्या तासात गप्प करतो," तो म्हणे.

"आधी तो पाळणा जोडून दे. चार स्क्रू उरलेत तुझ्या हातात," आई म्हणे.

ते चार स्क्रू कुठले होते, हे शेवटपर्यंत कोणाला कळले नाही.

मग तो दिवस आला. सकाळी आईच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि बाबाने दवाखान्यात न्यायची पिशवी, उशी, थर्मास सगळे माझ्यात भरले. दवाखान्याच्या दारात सिस्टरनी कपाळाला हात लावला.

"अहो, गाडी बाळ झाल्यावर आणायची!"

"वेळेवर हाताशी असलेली बरी," बाबा म्हणाला.

पण माझा उपयोग झाला. सिस्टरनी आईला थोडे चालायला सांगितले होते. ती माझी मूठ धरून त्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. कळ आली की थांबायची, मूठ घट्ट आवळायची. कळ ओसरली की पुन्हा चालायची. बाबा बाजूने "श्वास घे, श्वास सोड" असे सांगत होता. सांगण्याच्या नादात तो स्वतः श्वास घ्यायचे विसरला आणि भिंतीला टेकून पांढराफटक पडला. सिस्टरनी त्याला खुर्चीत बसवले, पाणी दिले आणि विचारले, "यातलं पेशंट नक्की कोण?"

जरा बरे वाटताच त्याला शेजारून जाणाऱ्या सलाइनच्या स्टँडची कुरकुर ऐकू आली. तो उठला, बाटली काढली आणि स्टँडच्या चाकाला तेल घालू लागला.

"अरे, माझ्याकडे बघशील का जरा?" आई कळवळून ओरडली.

तो धावत आला. मग त्याची नजर माझ्या डाव्या चाकाकडे वळली, पण आईने मूठ काही सोडली नाही.

संध्याकाळी आतल्या खोलीतून एक खणखणीत आवाज आला. बाबा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग माझ्यापाशी येऊन, जणू मी कोणी नातेवाईकच आहे अशा थाटात म्हणाला, "मुलगी आहे. आमच्या साहेबांसारखी दिसते. रागावलेली आणि टक्कल असलेली." एवढे बोलून तो डोळे पुसू लागला.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. आईची आई, म्हणजे छोटीची आजी, मदतीला आली होती. ती शाळेत शिकवत असे आणि तिच्या वर्गाची परीक्षा तोंडावर आली होती. रजा सोमवारपर्यंतच होती. इकडे आईच्या अंगात रक्त कमी होते. डॉक्टरांनी बजावले होते की दुपारची सलग झोप मिळाल्याशिवाय तिला ताकद येणार नाही. आणि छोटी तर दुपारी झोपायचे नाही असे ठरवूनच जन्माला आली होती.

बाबाने सकाळपाळी मागून घेतली. दुपारी घरी येऊन तो छोटीला सांभाळू लागला; म्हणजे तसा प्रयत्न करू लागला. त्याने लंगोट उलटा बांधला. झबल्याच्या बाहीतून पाय घातला. रडणे थांबवण्यासाठी तिच्या पाठीवर, पोटावर, तळव्यांवर हळूहळू दाबून पाहिले.

"जावईबापू, ती लिफ्ट नाही. बटण शोधू नका," आजी म्हणाली.

आजी लेकीला हळूच म्हणाली, "मी रजा वाढवते. पगार कापला तर कापला. तुम्हा दोघांच्याने हे व्हायचं नाही."

"आणि तुझी मुलं? परीक्षा आहे ना त्यांची?"

"बघू. रविवारी काय ते ठरवू."

बाबा स्वयंपाकघरात बाटली उकळत होता. त्याने ते ऐकले. उकळते पाणी सांडेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी छोटी रडत असतानाच त्याला औषध आणायला जायचे होते. त्याने तिला माझ्यात ठेवले, लिफ्टने खाली आणले आणि निघाला. कुईऽऽ-टक, कुईऽऽ-टक. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत पोहोचतो तोच रडणे थांबले. बाबाने वाकून पाहिले. छोटी मुठी उघड्या टाकून झोपली होती.

तो आठवडा म्हणजे माझ्या आयुष्यातला सोन्याचा आठवडा. रोज दुपारी आम्ही निघायचो. चष्मेवाले काका हात करायचे. छोटी झोपायची, घरी आई झोपायची. तिच्या गालांवर थोडा रंग आला. बाबा ताठ मानेने चालू लागला. "माझ्या चालण्यात एक लय आहे. ती तिला आवडते," असे तो आजीला ऐकवी. लय कोणाची होती ते मला ठाऊक होते, पण मी कशाला बोलू?

आजीही विरघळली. शनिवारी तिने सोमवारच्या गाडीचे तिकीट काढले. "पण उद्याची दुपार बघते," ती म्हणाली. "मगच पिशवी भरते."

बाबाला इतका आनंद झाला की तो मला घेऊन गच्चीवर गेला. "तू माझी लाज राखलीस. आता तुझी सेवा करतो," असे म्हणून त्याने माझी चारही चाके काढली, गंज घासला आणि डाव्या चाकात पांढराशुभ्र, नायलॉनचा नवा बुश बसवला. जुना बुश कचऱ्यात गेला. रबराचा जोड तेवढा राहिला, कारण नवे रबर घरात नव्हते. मित्रांनो, इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता. पण मी आतून धास्तावले होते.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. मी लोण्यावरून चालल्यासारखी चालत होते. आवाज फक्त एकच, टक. टक. छोटीने आधी भुवया उंचावल्या, मग ओठ काढला, मग जे भोकाड पसरले ते थांबेना. वरच्या खिडकीत आजी उभी होती.

बाबाने वेग वाढवला, कमी केला. टप वर केला, खाली केला. चष्मेवाले काका बाहेर आले.

"काय झालं आज? पोट दुखतंय का तिचं?"

"नाही हो. काल चालत होतं, आज बंद पडलं," बाबा कामावरच्या भाषेत म्हणाला.

आणि आपलेच बोलणे ऐकून तो थांबला. कामावर बिघाड शोधण्याची त्याची एक रीत होती. काल चालत होते आणि आज चालत नाही, तर मध्ये काय बदलले ते आधी शोधायचे. तो बोटांवर मोजू लागला. दूध तेच. वेळ तीच. रस्ता तोच. लंगोट कोरडा. मग त्याची नजर खाली, माझ्या नव्या बुशवर गेली.

"अरे देवा," तो म्हणाला. "मीच बंद केलंय."

छोटी जन्मायच्या आधीपासून माझा आवाज ऐकत होती. शेवटच्या महिन्यांत पोटातल्या बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येतात. आणि ते सगळे महिने तिची आई मला गच्चीवर, बाजारात, दवाखान्याच्या व्हरांड्यात ढकलत होती. म्हणून ती शांत होत असेल, किंवा नुसती सवयही असेल. मी खात्रीने सांगू शकत नाही. तिला विचारायची सोय नव्हती.

बाबाने रुमालाने बुश पुसला. त्यावर पाणी टाकले, चिमूटभर माती टाकली. नायलॉन तो, हूं की चूं करेना. छोटी लालबुंद झाली होती. बाबाने घराच्या खिडकीकडे पाहिले. आजी तिथे नव्हती. आता ती बहुधा रजा वाढवायला मुख्याध्यापकांना फोन करायला गेली असणार, हे त्यालाही कळले असावे.

लिफ्टवाल्यांच्या कार्यशाळेत एक खेळ चालतो. आज कुठली लिफ्ट कशी ओरडत होती, ते प्रत्येक जण तोंडाने आवाज काढून दाखवतो आणि बाकीचे बिघाड ओळखतात. या खेळात बाबा पटाईत होता. त्याने इकडेतिकडे पाहिले, मान खाली घातली आणि मला ढकलत हळूच म्हणाला, "कुईऽऽ."

"टक," मी म्हटले.

"कुईऽऽ."

"टक."

"घशात काही अडकलंय का तुमच्या?" चष्मेवाले काका घाबरून म्हणाले. बाबाने फक्त हात हलवला. तो थांबू शकत नव्हता, कारण रडणे जरा खालच्या पट्टीत आले होते. दोन बायका थांबून बघू लागल्या. एका सायकलवाल्याने वळून बघताना खांबाला धडक द्यायचेच बाकी ठेवले. बाबाचे कान तापलेल्या तव्यासारखे लाल झाले, पण आवाज चुकला नाही. चौकाला वळसा घालून परत येईपर्यंत छोटी झोपली होती.

लिफ्टमध्ये तो कुईऽऽ म्हणत होता. दारात तो कुईऽऽ म्हणत होता आणि मला मागे-पुढे करत होता, म्हणजे माझा टक चुकू नये. दार आजीने उघडले.

"काय हो हे? बरं वाटत नाही का?"

"कुईऽऽ," बाबाने उत्तर दिले आणि बोटाने माझ्या आत दाखवले.

आजीने वाकून पाहिले. मग चाकाकडे पाहिले, मग जावयाकडे, आणि पदर तोंडावर धरून ती इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावे लागले. आतल्या खोलीत आई गाढ झोपली होती. हसून झाल्यावर आजी आत गेली आणि पिशवीत कपडे भरू लागली.

"आई, सकाळी मी येतो स्टेशनवर सोडायला," बाबा दोन आवाजांच्या मधल्या फटीत आजीला घाईने कुजबुजला.

"काही नको. मी रिक्षाने जाईन," आजी म्हणाली. "तुम्ही आलात तर हिच्यापाशी कुईकुई कोण करणार?"

आजी गेली. तिच्या वर्गाची परीक्षा वेळेवर झाली. पुढे छोटीला कडेवर घेऊनही बाबा तोच आवाज काढू लागला. तेव्हा 'टक'सुद्धा तोच म्हणू लागला. खरे सांगते, ते ऐकून मला थोडे वाईट वाटले. माझ्या वाट्याचा एक शब्द होता, तोही गेला. पण छोटी त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली दिसे, आणि मग माझे वाईट वाटणे फार वेळ टिकत नसे. ती चालू लागली आणि मी इथे जिन्याखाली आले.

मित्रांनो, माझी चाके अजून शाबूत आहेत. ही वर्तमानपत्रे उचला, मला पुसा, गादीला ऊन दाखवा आणि जिथे बाळ येणार असेल अशा एखाद्या घरी मला पाठवा. तेल घातलेत तरी माझी हरकत नाही. तिथल्या बाबाने कसला आवाज काढायचा, ते त्याचे त्याला सापडेल.